मापलं कुठे, कशाने आणि किती वाजता?

वाचकांचे प्रश्न : हवामानाची यंत्रं आणि त्यांची भाषा

या वेळची बरीचशी पत्रं सोलापूर जिल्ह्यातली आहेत आणि बहुतेकांची तक्रार एकच आहे: यंत्र खोटं बोलतंय. एखाद्या ठिकाणी ते खरंच खोटं बोलतंय. बाकीच्या ठिकाणी दोन वेगळ्याच गोष्टी मोजून त्यांची तुलना चालली आहे.

आमच्या महसूल मंडळात त्या दिवशी ३८ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. माझ्या शेतात उघड्यावर ठेवलेल्या बादलीत पट्टीने मोजलं तर सात सेंटिमीटर पाणी, म्हणजे ७० मिलिमीटर. निम्मा पाऊस गेला कुठे? (शेतकरी, मोहोळ)

कुठेच गेला नाही. बादली वर रुंद आणि खाली निमुळती असते. पाऊस पडतो तो तोंडाच्या मापाने, साठतो तो तळाच्या मापाने. घरात असते तशी २६ सेंटिमीटर उंचीची बादली घ्या, तोंडाचा व्यास २८ आणि तळाचा २० सेंटिमीटर धरा. तळापासून सात सेंटिमीटरपर्यंत त्यात साधारण २,४४० मिलिलिटर पाणी मावतं. तोंडाचं क्षेत्रफळ ६१६ चौरस सेंटिमीटर. भागाकार केला की येतात ३.९७ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ ४० मिलिमीटर. तुमची बादली आणि मंडळाचं यंत्र यांचं चांगलं जुळतंय की!

पट्टीच लावायची असेल तर सरळ भिंतीचा डबा हवा: वरपासून खालपर्यंत एकच व्यास, सपाट तळ. त्यात पाण्याची खोली हाच पाऊस. पण दोन-तीन मिलिमीटर पाऊस पट्टीने धड वाचता येत नाही. म्हणून जमलेलं पाणी मोजपात्रात ओतून मिलिलिटरमध्ये मोजावं आणि तोंडाच्या क्षेत्रफळाने भागावं. १० सेंटिमीटर व्यासाच्या डब्याचं तोंड ७८.५ चौरस सेंटिमीटरचं, म्हणून त्यात १ मिलिमीटर पाऊस म्हणजे ७.८५ मिलिलिटर. मोजपात्र नसेल तर मेडिकलमधली मोठी सिरिंजही चालते.

हवामान खात्याचा साधा पर्जन्यमापक फायबरग्लासचा असतो. त्याच्या तोंडाची धारदार धातूची कडी २०० किंवा १०० चौरस सेंटिमीटरची असते, आत नरसाळं आणि खाली पाणी जमा करणारी बाटली. २०० च्या मापकात १ मिलिमीटर म्हणजे २० मिलिलिटर, १०० च्या मापकात १०. आता गंमत अशी, की दोन्हींच्या काचेच्या मोजनळ्या दिसायला सारख्याच. एक फुटली की दुसरी आणली जाते, आणि १०० ची नळी २०० च्या मापकाला वापरली तर त्या दिवसापासून गावात दुप्पट पाऊस पडू लागतो. नळीवर कोणत्या मापकासाठी ते लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय नोंद सुरू करू नये.

बसवताना कडी जमिनीपासून ३० सेंटिमीटर उंच आणि पाणसळीत ठेवावी. त्याहून खाली गेलात तर जमिनीवरचे शिंतोडे आत उडतात, फार वर नेलात तर वाऱ्यामुळे थेंब तोंडावरून निघून जातात आणि पाऊस कमी भरतो. गच्चीवर ठेवलेला मापक याच कारणाने कमी दाखवतो. झाड, भिंत, पाण्याची टाकी यांच्यापासून त्यांच्या उंचीच्या निदान दुप्पट अंतर सोडावं: चार मीटरच्या शेडपासून आठ मीटर. खाली फरशी किंवा काँक्रीट नको, माती किंवा आखूड गवत बरं.

वेळ सकाळी साडेआठची. आज साडेआठला मोजलेला पाऊस आजच्या तारखेला लिहायचा, जरी तो काल संध्याकाळी पडला असला तरी. १४ तारखेच्या रात्री झोडपून काढलेला पाऊस सरकारी नोंदीत १५ ला दिसतो, आणि '१४ ला आमच्याकडे एवढा पाऊस झाला, नोंद मात्र शून्य' ही तक्रार इथूनच निघते. गारा पडल्या असतील तर वितळायची वाट पाहत बसू नका. मोजून घेतलेलं गरम पाणी ओता, गारा विरघळल्या की सगळं मोजा आणि ओतलेलं वजा करा.

आणि एवढं करूनही फरक येईलच. वळवाचा ढग काही किलोमीटरच रुंद असतो, रस्त्याच्या अलीकडे चिखल आणि पलीकडे धूळ हे मोहोळात नवीन नाही. मंडळात एका जागी बसवलेलं यंत्र त्या जागेचाच पाऊस सांगतं. हिशेबाला सोपं माप हवं असेल तर हे लक्षात ठेवा: १ मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरला एक लिटर, गुंठ्याला साधारण १०१ लिटर, एकराला ४,०४७ लिटर.

आमच्या गटाने स्वयंचलित हवामान केंद्र बसवलं. शेजारी साधा पर्जन्यमापक आहे. त्यात ५२ मिलिमीटर, यंत्रात ४१. दर मोठ्या पावसाला असंच होतं. कंपनीचा माणूस येईपर्यंत आम्ही काय तपासावं? (बार्शी)

बहुतेक स्वयंचलित केंद्रांत टिपिंग बकेट असते. नरसाळ्याखाली एका आसावर तोललेल्या दोन छोट्या पळ्या असतात. एक भरली की कलंडून रिकामी होते आणि दुसरी धारेखाली येते. प्रत्येक कलंडण्याला लोहचुंबक एका रीड स्विचसमोरून (चुंबक जवळ आला की जुळणाऱ्या बटणासमोरून) जातो आणि एक टिचकी नोंदली जाते. तुमच्या यंत्राची टिचकी किती मिलिमीटरची, ०.२ की ०.५, हे माहितीपत्रकात असतं. इथे ०.२ धरू. नरसाळ्याचा व्यास २० सेंटिमीटर असेल तर एका टिचकीला ६.२८ मिलिलिटर पाणी लागतं.

पेचकस नंतर हातात घ्या, आधी झाकण काढून नरसाळ्याची चोच बघा. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत त्यात धुळीचा थर बसतो आणि वळवाच्या पहिल्या सरीत त्याचा चिखल होतो. कुंभारमाशीला ती चोच घर बांधायला फार आवडते, कोळ्यांनाही. चोच तुंबली आहे हे घरबसल्या नोंदींतूनही कळतं: पाऊस थांबून दोन-तीन तास झाले तरी ०.२, ०.२ अशा नोंदी येत राहतात. पाणी नरसाळ्यात अडलेलं असतं आणि झिरपत असतं. मोठ्या सरीत ते वरून ओसंडलं, की तेवढा पाऊस गेलाच.

मग पाणसळ. बैठकीवरचा बुडबुडा मध्यभागी नसेल तर एक पळी लवकर कलंडते आणि एक उशिरा. खांबाखालची माती पहिल्या पावसात खचते, म्हणून हे दर हंगामात बघावं लागतं.

हे दोन्ही ठीक असेल तर पाण्याची चाचणी करा. ६२८ मिलिलिटर पाणी मोजून बाटलीत भरा, झाकणाला सुईने बारीक भोक पाडा आणि नरसाळ्यात थेंबथेंब पडू द्या. सगळं पाणी जायला साधारण तासभर लागावा. १०० टिचक्या, म्हणजे २० मिलिमीटर, यायला हव्यात. ९८ ते १०२ आल्या तर यंत्र चोख. पाणी एकदम ओतून चाचणी घेऊ नये. पळी कलंडत असताना धार चालूच असते आणि ते पाणी भरलेल्या पळीतच पडून वाया जातं, त्यामुळे टिचक्या कमी भरतात. जोराच्या पावसात खरोखर हेच होतं, आणि 'दर मोठ्या पावसाला' या तुमच्या शब्दांवरून संशय तिकडेच जातो. चांगल्या यंत्रात यासाठी पावसाच्या वेगानुसार दुरुस्ती दिलेली असते. ती चालू आहे का, हे कंपनीच्या माणसाला आवर्जून विचारा.

संथ चाचणीतही ८५-९० टिचक्याच आल्या तर पळ्यांखालचे दोन टेकू-स्क्रू बघा. ते थोडे वर घेतले की पळी कमी पाण्यात कलंडते आणि टिचक्या वाढतात. दोन्ही स्क्रू सारखेच फिरवायचे, पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि प्रत्येक वेळी चाचणी पुन्हा घ्यायची.

उलटी तक्रारही येते: आभाळ कोरडं आणि नोंद १.४ मिलिमीटर. तेव्हा आधी शेजारचा तुषार संच चालू होता का ते विचारा. नाहीतर खांब वाऱ्याने थरथरत असेल.

गच्चीवरचा थर्मामीटर दुपारी ४७ दाखवतो आणि टीव्हीवर सोलापूर ४३ सांगतात. आकडे मुद्दाम कमी सांगतात का? (सोलापूर शहर)

नाही. थर्मामीटर उन्हात ठेवला की तो हवेचं तापमान दाखवत नाही, स्वतःचं दाखवतो. शिवाय खाली तापलेला स्लॅब. नोंदीचं तापमान सावलीतल्या, खेळत्या हवेचं असतं. त्यासाठी पांढऱ्या रंगाची, दुहेरी झडपांची लाकडी पेटी वापरतात, तिला स्टीव्हन्सन पेटी म्हणतात. थर्मामीटरचा फुगा जमिनीपासून सव्वा मीटरच्या आसपास आणि दार उत्तरेला, म्हणजे वाचायला उघडलं तरी ऊन आत शिरत नाही. खाली मोकळी जमीन. पेटीचा रंग पिवळट-राखाडी पडला की दुपारचं तापमान वाढू लागतं, म्हणून ती वेळोवेळी रंगवावी लागते, आतूनही.

घरी करायचं असेल तर कुंड्यांखालच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या सहा-सात थाळ्या उपड्या, बोटभर अंतराने एकावर एक दांड्यांवर बसवा. सर्वांत वरची सोडून बाकीच्यांना मध्ये भोक, आणि त्या पोकळीत सेन्सर. वारा सगळीकडून यायला हवा. भिंतीवर ठोकू नका. एसीच्या बाहेरच्या युनिटजवळ तर मुळीच नको.

पेटीतले कमाल आणि किमान थर्मामीटर वेगळ्या तत्त्वांवर चालतात, आणि बिघडतातही वेगवेगळे. कमालमध्ये पारा असतो, फुग्याजवळ नळी चिंचोळी केलेली असते. पारा वर चढतो पण आपोआप उतरत नाही, ताप मोजायच्या जुन्या थर्मामीटरसारखा. वाचून झालं की झटकून उतरवायचा. किमानमध्ये अल्कोहोल असतं आणि त्यात काचेची बारीक सळई तरंगते. थंडीने अल्कोहोल मागे सरतं तेव्हा ते सळईला ओढून नेतं, पुन्हा पुढे जाताना सळई तिथेच राहते. वाचायचं ते सळईचं फुग्यापासून दूरचं टोक. इथे नवशिका हमखास चुकतो आणि जवळचं टोक वाचतो. अल्कोहोलचा थोडा भाग वाफ होऊन नळीच्या वरच्या टोकाला जमतो, मग किमान तापमान एक-दोन अंशांनी खोटं खाली जातं. फुगा खाली करून हलकेच झटकावा आणि रात्रभर उभा ठेवावा.

राहता राहिली उष्णतेची लाट. मैदानी भागात कमाल तापमान निदान ४० हवं, आणि सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंश जास्त असेल तर लाट, त्यापुढे तीव्र लाट. ४५ गाठलं तर सरासरी न बघता लाट, ४७ ला तीव्र. मे महिन्यात सोलापूरची सरासरीच चाळिशीच्या आसपास असते, म्हणून ४३ अंशांत अंग भाजत असलं तरी कागदावर लाट नसते. लोकांना हे चमत्कारिक वाटतं आणि त्यांचं चूक नाही, पण निकष फरकावर बांधलेला आहे.

डाळिंबाच्या बागेत सकाळी आर्द्रता ५५ टक्के आणि दुपारी २४. दिवसभरात हवेतला निम्मा ओलावा उडून जातो का? आणि ओल्या-कोरड्या थर्मामीटरवर विश्वास ठेवावा की डिजिटलवर? (सांगोला)

ओलावा तेवढाच असतो, बदलतं ते हवेचं सामावून घेण्याचं माप. समजा हवेतल्या बाष्पाचा दाब दिवसभर १७.६ हेक्टोपास्कल (हे दाबाचं एकक) आहे. २५ अंशांना हवा ३१.७ पर्यंत बाष्प धरते, म्हणून सकाळी ५५ टक्के. ४० अंशांना ती ७३.८ पर्यंत धरते, म्हणून दुपारी २४. सापेक्ष आर्द्रतेतलं 'सापेक्ष' ते हेच. या सगळ्यात दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला बाष्पाचं दव होऊ लागतं तो, मात्र साडेपंधरा अंशांवर ठाम. रोगाचा अंदाज बांधायचा असेल तर दवबिंदू जास्त कामाचा. पहाटेचं किमान तापमान त्याच्या जवळ आलं की पानावर दव धरणार, आणि पान जितका वेळ ओलं तितकं तेल्या रोगाचं फावतं.

ओला थर्मामीटर, म्हणजे फुग्याला ओलं कापड गुंडाळलेला, उत्तम, पण तो सेवा मागतो. आधी दोन्ही थर्मामीटर कोरडे शेजारी ठेवून सारखे वाचतात का ते बघा. फुग्यावर मलमलीचा एकच पदर हवा. नवं कापड उकळून त्याची खळ काढावी, नाहीतर ते पाणी ओढत नाही. वात बाटलीतून यावी, बाटली फुग्याच्या बरोबर खाली नको, थोडी बाजूला हवी. पाणी शुद्ध केलेलं, निदान साठवलेलं पावसाचं. बोअरचं पाणी वापरलं तर आठवड्याभरात मलमलीवर क्षारांचा पापुद्रा धरतो. धुळीच्या दिवसांत कापड आठवडा संपायच्या आतच बदलावं.

यातल्या सगळ्या हलगर्जीपणाचा परिणाम एकाच बाजूला होतो. वात सुकली, कापड मळलं, क्षार बसले, वारा लागला नाही, काहीही झालं तरी ओला फुगा पुरेसा थंड होत नाही आणि आर्द्रता खरी आहे त्याहून जास्त येते. कोरडा ४० आणि ओला २४ असताना पेटीतल्या थर्मामीटरचं उत्तर साधारण २४ टक्के आहे. मळक्या कापडाने ओला २६ दाखवला तर तेच ३१ होतं, आणि तुम्ही विनाकारण फवारणी काढता. कोष्टकही जुळणारं हवं: पेटीतल्या संथ हवेचं वेगळं, दांडीला धरून गरगर फिरवायच्या सायक्रोमीटरचं वेगळं. ४० आणि २४ याच जोडीला फिरवायच्या सायक्रोमीटरचं कोष्टक २७ टक्के सांगतं.

डिजिटल सेन्सर सोयीचा आहे, पण धुळीने आणि फवारणीच्या वाफांनी हळूहळू सरकतो. त्याची परीक्षा स्वयंपाकघरातल्या मिठाने होते. बाटलीच्या झाकणात दोन चमचे मीठ घ्या, पाण्याचे काही थेंब घालून ओल्या वाळूसारखं करा, विरघळवू नका. ते झाकण आणि सेन्सर एका हवाबंद डब्यात आठ-दहा तास सावलीत ठेवा. २५ अंशांच्या आसपास डब्यातली हवा ७५ टक्क्यांवर स्थिर होते. सेन्सरने ७२ ते ७८ दाखवलं तर ठीक, ८४ दाखवलं तर नऊ वजा करून वाचा किंवा बदला. मीठ सेन्सरला लागू देऊ नका.

फोनमधला वायुभारमापक ९५५ दाखवतो. बातम्यांत तर ९९० म्हणजे चक्रीवादळ असतं. मग सोलापुरात हे काय चाललंय? (विद्यार्थी, सोलापूर)

काही नाही. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४८० मीटर उंच आहे. जमिनीजवळ दर आठ-नऊ मीटर चढलं की दाब एका हेक्टोपास्कलने उतरतो, म्हणजे आपल्याकडे ५३-५४ ने कमी. फोन दाखवतो तो जागेवरचा दाब, नकाशावर असतो तो समुद्रसपाटीला आणलेला. ९५५ मध्ये ५३ मिळवले की १००८. अगदी शांत आकडा.

दुसरी फसगत दुपारची. उष्ण कटिबंधात दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमाराला जास्त, दुपारी आणि पहाटे चारच्या सुमाराला कमी. फरक तीन-चार हेक्टोपास्कलचा. त्यामुळे 'दुपारपासून दाब घसरतोय, पाऊस येणार' हे बाहेरदेशच्या घड्याळवजा वायुभारमापकावरच्या अक्षरांवरून ठरवू नये. आजच्या चारची तुलना कालच्या चारशी करा.

आणि चक्रीवादळासारख्या प्रणालीचं नाव ठरतं ते दाबाच्या आकड्यावर नाही, जोराच्या वाऱ्यावर. १७ नॉटच्या आत कमी दाबाचं क्षेत्र, १७ ते २७ डिप्रेशन, २८ ते ३३ डीप डिप्रेशन, ३४ पासून, म्हणजे ताशी सुमारे ६२ किलोमीटरपासून, चक्रीवादळ. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये सोलापूर-पंढरपूर भिजवून टाकणारी प्रणाली डीप डिप्रेशन होती. १३ तारखेला काकीनाडाजवळ किनारा ओलांडून ती तेलंगणमार्गे आपल्याकडे आली. वर्तमानपत्रं या सगळ्यालाच 'कमी दाबाचा पट्टा' म्हणतात. पट्टा म्हणजे लांबट द्रोणी, ती वेगळी.

बाष्पीभवन पात्रावरून ठिबकचे तास कसे काढायचे? (माळशिरस)

पात्र सुमारे १२२ सेंटिमीटर व्यासाचं, पंचवीस सेंटिमीटर खोल, लाकडी चौकटीवर, वर जाळी. आत एका शांत कूपात टोकदार सुई उभी असते. रोज सकाळी पाणी त्या टोकाला टेकेपर्यंत भरायचं, जेवढं ओतलं तेवढं बाष्पीभवन. सोबतच्या मोजपात्राचा व्यास १२.२ सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ बरोबर शंभरावा भाग. त्यात २० सेंटिमीटर पाणी म्हणजे पात्रात २ मिलिमीटर. चार पूर्ण आणि पाचव्यातलं सहा सेंटिमीटर ओतलं तर ८.६. पाऊस पडला असेल तर तो मिळवायचा: १२.४ पाऊस आणि सुईपर्यंत आणायला ५ काढावे लागले, तर बाष्पीभवन ७.४. मुसळधार पावसानंतर उत्तर कधी कधी शून्याखाली येतं. ते शिंतोड्यांचं किंवा चुकीच्या पर्जन्यमापकाचं लक्षण, त्या दिवसाचा आकडा सोडून द्यावा.

आता ठिबक. ८ मिलिमीटर गुणिले पात्राचा गुणांक ०.७, गुणिले पिकाचा गुणांक, उदाहरणादाखल ०.८, म्हणजे ४.४८. झाडाची जागा ४.५ बाय ३ मीटर, १३.५ चौरस मीटर, त्यातला ओला भाग ४० टक्के. सगळं गुणलं की २४ लिटर. ताशी चार लिटरचे चार ड्रिपर असतील तर दीड तास. पिकाचा गुणांक अवस्थेनुसार बदलतो आणि बहाराच्या ताणात हे गणित बंद. पात्रात शेवाळ, गळती किंवा तळाला क्षार असतील तर तास चुकतील, दोष ठिबकला जाईल.

यलो अलर्ट होता आणि दिवसभर लख्ख ऊन. मग अलर्ट कशाला? (पंढरपूर)

इशारा जिल्ह्याचा असतो, तुमच्या गल्लीचा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. बरोबरचे शब्दही मोजून वापरलेले असतात. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे फार तर चौथा हिस्सा केंद्रांवर, 'काही ठिकाणी' म्हणजे निम्म्यांपर्यंत, 'अनेक ठिकाणी' म्हणजे पाऊण हिश्शापर्यंत. तुरळक म्हटलं असताना तुम्ही कोरडे राहिलात, तर अंदाज बरोबरच होता. जोरदार म्हणजे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे, ११५.६ पासून अति जोरदार. २.५ मिलिमीटरच्या आतला दिवस पावसाचा दिवस म्हणून मोजलाच जात नाही.

'पश्चिमेचा वारा' म्हणजे पश्चिमेकडून की पश्चिमेकडे? (करमाळा)

पश्चिमेकडून. वाऱ्याला जिकडून येतो त्या दिशेचं नाव. वातकुक्कुटाचं टोकही जिकडून वारा येतो तिकडेच वळतं. वेगाचं प्रमाण माप दहा मीटर उंचीचं असतं. तुमच्या तीन मीटरच्या खांबावरचा वेग त्याहून साधारण सहाव्या हिश्श्याने कमी येईल, यंत्र बरोबर असलं तरी.

विमानाने ढगांत रसायन सोडून सोलापुरात पाऊस वाढवला म्हणतात. वाढला हे मोजलं कसं? (दक्षिण सोलापूर)

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यांत सोलापूर हा तळ धरून हा प्रयोग केला, कारण आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत आहोत. कॅल्शियम क्लोराइडच्या नळकांड्या ढगाच्या तळाशी जाळल्या. अडचण अशी, की फवारलेला ढग फवारला नसता तर किती बरसला असता हे कोणतंच यंत्र सांगू शकत नाही. म्हणून योग्य ढग निवडून कोणाला फवारायचं हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं आणि दोन्ही गटांची तुलना रडार व पर्जन्यमापकांच्या जाळ्यावरून केली. वाऱ्याच्या पुढच्या बाजूला सुमारे १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात १८ टक्क्यांच्या आसपास वाढ दिसली. ढग असतील तरच हे लागू, निरभ्र आभाळाला रसायनाचा उपयोग नाही.

शाळेत हवामान नोंदणी सुरू करायची आहे, पैसे थोडे आहेत. काय घ्यावं? (शिक्षक, अक्कलकोट)

पहिला साधा पर्जन्यमापक आणि त्याच्याच मापाच्या दोन मोजनळ्या, कारण एक फुटणारच. मग पेटी आणि कमाल-किमान थर्मामीटर. ओला थर्मामीटर कापड बदलायला कोणी बांधील असेल तरच. चमकत्या पडद्याचं चीनी बनावटीचं केंद्र शेवटी, आणि तेही पर्जन्यमापकाच्या शेजारी, म्हणजे त्याची परीक्षा मुलांनाच घेता येईल.

वहीला रकाने कमी ठेवा: तारीख, वेळ, पाऊस, कमाल, किमान, शेरा, वाचणाऱ्याची सही. पाऊस साडेआठला. किमानही तेव्हाच, कमाल संध्याकाळी साडेपाचला. शाळा त्या वेळी बंद असेल तर कमाल दुसऱ्या दिवशी सकाळी वाचून आदल्या तारखेला लिहा, पण वर्षभर एकच पद्धत. पाऊस नव्हता तर ०.०, बुंदाबुंदी होऊन नळीत मोजण्याइतकं पाणी नव्हतं तर 'ट्रेस', आणि कोणी वाचलंच नाही तर आडवी रेघ. शून्य आणि रेघ यांची गल्लत झाली की वर्षाची बेरीज गेली. सुट्टीत नोंद राहिली तर सोमवारी बाटलीत निघालेलं पाणी 'रविवार-सोमवार मिळून १८.४' असं लिहायचं, दोन दिवसांत वाटून टाकायचं नाही.